कुत्र्याच्या तोंडातली केळी

३ फेब्रुवारी, सोमवार

कंबर सकाळपासून धरलेली. नानांना अंघोळ घालताना परत तसाच वाकलो. मंगल ओरडली, "ते स्टूल काय शोभेला आणलंय का?" बरोबर आहे तिचं. विसरतो मी.

नानांनी चहा सांडला आणि मलाच रागावले. नव्वदीला टेकलेले वडील, रागावू द्यावं. पुसून घेतलं, परत चहा केला. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात सगळ्यांसमोर बोललो होतो, आता रोज एक चित्र काढणार. चित्रकलेच्या मास्तरला शोभेल असं काहीतरी बोलावं लागतं ना. कागदांचा गठ्ठा कपाटावर तसाच पडलाय. त्यावर नानांच्या डायपरची पाकिटं.

दुपारी धुळ्याहून फोन. केतन म्हणून मुलगा, तेलगिरणीवाल्यांचा नातू. घरात तीन जुनी इंग्रजी ऑइल पेंटिंग आहेत, शिकारी कुत्र्यांची. "सर, त्यांच्यावर कोणीतरी काहीतरी भयंकर करून ठेवलंय. तुम्ही काढू शकाल का?" काय भयंकर ते सांगेना. नुसता हसत होता.

मुंबईला म्युझियमचं एक शिबिर केलं होतं कधीकाळी. तेवढ्या भांडवलावर अख्ख्या खान्देशात मी 'जुनी चित्रं साफ करणारे सर'. लोकांच्या आजोबांच्या मिशा पुसून पुसून वीट आलाय. कुत्रे तरी बघू. बुधवारी जातो.

५ फेब्रुवारी, बुधवार

पारोळ्यापर्यंत एसटीत उभा. रस्ता चौपदरी झाला, कंबरेला त्याचं काही नाही.

देवपुरात बंगला. तेलगिरणी केव्हाच बंद पडली, आता बंगलाही विकायचाय. केतन पुण्याला असतो, त्याची आजी आहे तिला घेऊन जाणार. आजीला सगळे 'बा' म्हणतात. ती आतल्या खोलीत झोपलेली होती. चित्रं जेवणघरात, टेबलाच्या समोरच्या भिंतीवर. साहेब लोक परत गेले तेव्हा त्यांच्या सामानाच्या विक्रीतून केतनच्या पणजोबांनी घेतलेली. मुंबईचा लिलाववाला बघून गेलाय. कुत्रे अस्सल आहेत म्हणाला, पण आधी 'ते' काढून आणा.

'ते' बघितलं आणि मी त्या मुलासमोर खो खो हसलो. कितीतरी दिवसांनी.

पहिल्या चित्रात पांढरा-तपकिरी कुत्रा, लांब कान, गवतातून मालकाकडे चाललाय. काय सुंदर काढलाय! अंगावरचा केस न् केस ओला. आणि तोंडात केळ्याची फणी. पिवळीजर्द. दुसऱ्यात दोन कुत्रे भिंतीशी बसलेत, वर खिळ्याला मक्याची कणसं टांगलेली. तिसऱ्यात काळा कुत्रा, आणि त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये भरताचं वांगं. आपलं हिरवं, जळगावचं.

केतन म्हणाला, "आम्ही जैन ना सर. मूळ चित्रातले मेलेले पक्षी जेवणघरात कसे चालतील? मग बानं रंगवून घेतलं कोणाकडून तरी. लहानपणी मला वाटायचं, इंग्लंडमधले कुत्रे केळीच खातात."

हसत हसत वांग्याजवळ गेलो. वांग्यावर चकाकी होती. चार चौकटींची एक बारीक खिडकी, जरा तिरकी.

हसू गेलं माझं. चकाकी द्यायची प्रत्येक पेंटरची आपली रीत असते. कोणी ठिपका मारतो, कोणी रेघ ओढतो. खिडकी काढणारा या दोन जिल्ह्यांत एकच होता. बैलाचा डोळा असो, सोड्याची बाटली असो, ट्रॅक्टरचं चाक असो, नानांची खिडकी त्यावर असायचीच.

केतनला काही बोललो नाही. आधी एक करून बघतो, म्हटलं. केळीवाला कुत्रा घरी पाठवून दे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मं.ला सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली. "मग सांगायचं ना त्याला, माझ्या वडिलांचं काम आहे म्हणून."

सांगून काय होणार? चित्र त्यांचं, भिंत त्यांची. मी नाही म्हटलं तर ते मुंबईला पाठवणार. तिथला माणूस एका दुपारीत पुसून मोकळा होईल.

आज डोक्यात एकच चाललंय. नानांचं काय काय शिल्लक आहे? नरडाण्याला रेल्वेतून दिसायची ती खताच्या जाहिरातीची भिंत, पाडली. धुळ्याच्या टॉकीजचे बोर्ड, टॉकीजच गेली. पिंप्राळ्यात कोपऱ्यावरच्या टेलरची पाटी होती, कैचीवर खिडकी असलेली. गेल्या वर्षी त्याच्या मुलानं फ्लेक्स लावला. जुनी पाटी कुठंय विचारलं तर म्हणाला, काका, बकरीच्या गोठ्याला लावलीय, पत्रा चांगला होता. बघायला गेलो. पत्रा उलटा मारलेला, चित्राची बाजू आत, बकऱ्यांकडे.

घरात तर एक कागद नाही. नानांनी घरासाठी कधी काही काढलंच नाही. पैसे देणारं गिऱ्हाईक नसेल तर ब्रश उचलायचे नाहीत ते.

म्हणजे ती केळी, ती कणसं आणि ते वांगं. एवढंच उरलंय. आणि ते मी पुसायचं. मला नाही जमायचं हे, स्पष्टच लिहितो.

८ फेब्रुवारी, शनिवार

नानांना विचारलं. धुळ्याला तेलगिरणीवाल्या शेठकडे काम केलं होतं का? कुत्र्यांच्या चित्रांवर?

मग म्हणाले, "कुत्रा? मी भलता कुत्रा काढेल शे."

बरं. कुत्रे पुष्कळ काढलेत म्हणे. झोपले.

शाळेतला सहकारी आला होता सकाळी. "तुझं बरंय, घरात वडील आहेत अजून." बरंय म्हणजे काय ते त्याला एक रात्र इथे ठेवून दाखवावंसं वाटलं. मग त्याचे वडील गेलेत हे आठवून चहा टाकला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

केतनचा ड्रायव्हर चित्र घेऊन आला. गोधडीत गुंडाळलेलं. चांगला उजेड घरात एकाच ठिकाणी येतो, नानांच्या खोलीत. तिथंच टेबल लावलं, चित्र भिंतीला टेकवून उभं केलं. नाना झोपलेले. मी कापूस, काड्या, स्पिरिट मांडत होतो आणि मागून आवाज आला.

"हाऊ तं मना कुत्रा शे."

वळून पाहिलं तर नाना उठून बसलेले! आपले आपण. गेल्या दिवाळीपासून आधाराशिवाय बसले नव्हते. मं.ला हाक मारली. ती ओले हात तसेच घेऊन धावत आली, तिला वाटलं काहीतरी झालं.

"तुमचा कुत्रा, नाना?"

"मी काढेल शे. देख त्याना डोया. जित्ता शे, जित्ता!"

आणि मग तोंडाकडे नजर गेली त्यांची. कपाळाला आठ्या.

"ह्या केया कोनी घाल्यात रे त्याना तोंडमा? कोन गाढव शे तो?"

मी मं.कडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.

"पुशी टाक," नाना म्हणाले. "आते पुशी टाक."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नाना सकाळी दीड पोळी जेवले. कुत्र्याकडे बघत. भलतेच खुशीत.

मला मात्र काही सुचत नाही. साहेबाचा कुत्रा त्यांना आपला वाटतो, आणि आपली केळी कुणा गाढवाची. उलटं झालं असतं तर किती बरं होतं! मी रडकुंडीला आलोय, आणि ते तिकडून घाई करत विचारतायत, "मास्तर, कवय पुससी?" त्यांच्या बोलण्यात मास्तर म्हणजे आळशी माणूस.

केळी मात्र नीट बघितली आज, भिंग लावून. काय काम आहे! फणी पिकलेली, एका केळ्यावर काळा डाग, टोकाला वाळकं फूल चिकटलेलं. कुत्र्याचा सुळा जिथे टेकतो तिथे साल जरा दबलेली. साइनबोर्डवाल्या माणसाला हे कोणी सांगितलं होतं? कोण बघणार होतं तेवढं? तरी काढलंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मूर्खपणा केला. नाना चांगले बोलत होते म्हणून शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. नाना, कुत्रा साहेबाच्या देशातल्या कुणी काढलाय. केळी तुमची आहेत. फार छान आहेत.

ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "तू माले येडा समजस का?"

भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवले नाहीत. चहासुद्धा नाही.

मं.नं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "काय मिळवलंत? म्हातारा माणूस एका कुत्र्यावर उठून बसला होता. तेवढं पण काढून घेतलंत."

मी म्हणालो, खरं आहे ते सांगितलं.

"ठेवा खरं तुमच्या कपाटात," म्हणाली.

तिचं चुकत नाही. माझंही चुकत नव्हतं. दोघांनी गुपचूप शेवभाजी खाल्ली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नानांनी डोळे उघडले, कुत्रा बघितला, चेहरा फुलला. मग आठ्या. "ह्या केया कोनी घाल्यात?"

कालचं सगळं विसरलेत. देवा, तुझे उपकार. खिचडी खाल्ली त्यांनी. मं. म्हणाली, आता तोंड उघडाल तर याद राखा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

धुळ्याला गेलो. फोनवर बोलवेना म्हणून. केतनला सगळं सांगून टाकलं की ही कामं माझ्या वडिलांची आहेत, दुसरं काही शिल्लक नाही, काढायलाच हवीत का.

बिचारा ओशाळला. भला मुलगा आहे. "सॉरी सर, मला काय माहीत! पण लिलावात... अशी कोण घेणार? असं करू का? मी तिन्हींचे मस्त फोटो काढतो, मोठ्ठे प्रिंट करून देतो तुम्हाला. फ्लेक्सवर. पन्नास वर्षं काही होत नाही त्याला."

फ्लेक्सवर. हसावं का रडावं कळेना. त्याला काय ठाऊक? थँक्यू म्हटलं.

मग त्यानं बांना व्हीलचेअरवर बाहेर आणलं. नानांच्याच वयाच्या, जरा लहान. डोळे अजून तीक्ष्ण. मी पेंटरचा मुलगा म्हटल्यावर मला खुर्ची जवळ ओढायला लावली.

बांनी सांगितलं ते असं. लग्न होऊन आल्या तेव्हा समोर हे मेलेले पक्षी, चोचीतून रक्त. घास उतरेना. सासू म्हणायची, साहेबाची वस्तू आहे, उतरवायची नाही. शेवटी नवऱ्यानं मधला मार्ग काढला, पेंटर आणला. "तुमचे वडील पहिल्या दिवशी नुसते बसून राहिले, भाई. ब्रश उचलला नाही. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, बाई, कुत्रा फार चांगला काढलाय, त्याच्यासमोर माझा हात होत नाही."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी आले न् कामाला लागले. पोटाला पाहिजे ना. तोंडात काय देऊ विचारलं, तर टेबलावर केळी होती, म्हटलं ती द्या. पण एक सांगते. पक्षी गेला तरी मला जेववेना. कुत्र्याचा डोळा फार वाईट होता. मारून आल्याचा आनंद होता त्यात. मी परत बोलावलं त्यांना, म्हटलं, हा डोळा बदला. चार वेळा पुसून चार वेळा काढला त्यांनी. पाचव्यांदा मी म्हटलं, हां, आता हा कुत्रा माझ्या घरात राहू शकतो."

मी विचारलं, बा, तुमचं काय म्हणणं? काढू का सगळं?

"केळ्यांखाली मेलेलं आहे हे मला रोज माहीत होतं," म्हणाल्या. "दिसत नव्हतं एवढंच. तेवढंच पाहिजे होतं मला, इतकी वर्षं पुरलं. आता मी तिथे जेवणार नाही. काढून टाका, भाई."

निघताना म्हणाल्या, दर दिवाळीला आम्ही तिळाचं तेल लावायचो तिन्ही चित्रांना. तेलाचं चित्र, तेल नको का? म्हटलं, तरीच एवढा चिकट थर बसलाय. त्यांना ते कौतुक वाटलं.

परतीच्या बसमध्ये बसलो, पारोळ्याला चहाला उतरलो, तिथंच बाकावर बसून राहिलो. बस निघून गेली. नाना खोटं बोलत नव्हते. डोळा त्यांचा आहे. मला मेल्याला भिंग लावूनही दिसला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

खात्री करून घेतली. डोळ्याच्या अगदी कडेला कापसाचं टोक टेकवलं, लगेच उचललं. तपकिरी रंग आला कापसावर. डब्यातला एनॅमल. खाली साहेबाचं व्हार्निश, वर नानांचा रंग. व्हार्निश सुटलं की वरचं सगळं त्याच्याबरोबर येतं. केळी येतील तसा डोळाही येईल.

त्या डोळ्यात खिडकी नाही. एकटा तो सोडून त्यांनी सगळीकडे काढली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. नानांनी उपास धरला, कुणाचं ऐकत नाहीत. दोन केळी खाल्ली आवडीनं, आणि चित्रातल्या केळ्यांना शिव्या घातल्या. मं. पदर तोंडाला लावून हसत होती.

संध्याकाळी ताप. खोकला सुटला. डॉक्टर घरी येऊन गेले. छातीत कफ आहे म्हणाले, दवाखान्यात नेऊन हाल करू नका, औषधं देतो, बघू.

१ मार्च, शनिवार

ताप उतरला, पण नानांचा आवाज बारीक झालाय. फार बोलत नाहीत. सकाळी मला बोटानं खुणावलं, चित्राकडे दाखवलं. "पुशी टाक ना रे, रवी." रवी म्हणाले. मास्तर नाही.

मग मी बसलोच. दुसऱ्या कुणी एका दुपारीत पुसण्यापेक्षा मी पुसतो, सावकाश, एकेक केळं बघून. नाहीतरी सगळ्यांना तेच हवंय, केतनला, बांना, खुद्द ज्यांनी काढली त्यांना. नको असलेला मी एकटा. एकट्याचं किती धरून बसायचं?

आधी दिवाळीचं तेल काढलं. थरावर थर, काळपट. ते निघालं आणि केळी जी काय उजळली! आत्ता फणी तोडून आणल्यासारखी. मं. दारात उभी राहिली. "अगं बाई, किती गोड काढलीत हो." मोबाइलवर फोटो घेतले तिनं. मग म्हणाली, "एखादं तरी ठेवा ना."

"कुत्र्याच्या तोंडात एक केळं? ते तर आणखीच वाईट दिसेल."

"दिसू दे," म्हणाली आणि निघून गेली. नाक ओढत होती.

पहिलं केळं आज काढलं. कापूस पिवळा, परत पिवळा, परत. ते बोळे फेकवेनात. एका बरणीत टाकलेत. वेडेपणा आहे, कळतंय मला.

४ मार्च, मंगळवार

तीन केळी गेली. खाली पंख निघाला. तितर असावा. काय रंग, काय पिसं, एकेक वेगळं. तो कोण साहेब होता देव जाणे, हात मोठा होता त्याचा. नाना पहिल्या दिवशी का बसून राहिले ते आता कळतंय.

रागही येतो त्याचा. एवढा हात आणि काढलं काय, तर मेलेलं पाखरू!

केतनचा फोन. लिलाववाल्याला पंखाचे फोटो पाठवले, तो वेडा झालाय म्हणे. शनिवारी गाडी पाठवतो. बाकीची दोन नंतर, सावकाश. नानांची तब्येत विचारली त्यानं आठवणीनं.

नाना दिवसभर झोपून. भाताची पेज दोन चमचे. जागे झाले की कुत्र्याकडे बघतात. केळ्यांचं विचारणं बंद झालंय. त्यांनी ते विचारायला हवं होतं असं वाटतंय आता, गाढव म्हणायला हवं होतं.

६ मार्च, गुरुवार

शेवटचं केळं काढलं. डाग होता ते. सुळ्यापाशी दबलेली साल आधी नुसती बघत बसलो, मग पुसली. हात दुखतोय, कंबर दुखतेय, सगळंच दुखतंय. जेवण गेलं नाही.

पक्षी पूर्ण दिसतोय. मान खाली लोंबलेली, चोचीशी रक्ताचा ठिपका. बांना का जेववेना ते समजतं. पण वर डोळा नानांचा आहे. त्यामुळे अजब झालंय चित्र. साहेबाच्या कुत्र्यानं पक्षी मारून आणलाय, आणि डोळ्यात मात्र त्याची लाज आहे.

डोळा पुसला की चित्र साहेबाचं होईल, अस्सल. मग लिलाववाल्याला काही बोलायला जागा नाही. अर्ध्या तासाचं काम.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी नानांना टेकून बसवलं, पाठीला दोन उश्या. तोंड धुतलं. स्टूल घेतलं आज. त्यांची नजर चित्रावर गेली आणि तिथंच थांबली. मला वाटलं आता खूश होतील, केळी गेली म्हणून. तसं काही झालं नाही. मग अगदी हळू,

"पाखरू शे."

"हो नाना."

"जित्तं शे का?"

मान लोंबलेली, रक्त दिसतंय. आंधळ्यालाही कळेल. मं. पेजेची वाटी घेऊन उभी होती, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उत्तर दुसरं देऊच शकलो नसतो. द्यायचंही नव्हतं.

"शे नाना. जित्तं शे."

"मंग सोडी दे म्हना त्याले."

मी त्यांचा हात धरला. नुसती हाडं, पण पकड अजून ब्रश धरल्यासारखी, तीन बोटांची. नाना कुत्र्याच्या डोळ्याकडे बघत होते. स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले,

"तो सोडी देई. मी तसाच काढेल शे त्याले."

चार चमचे पेज घेतली त्यांनी. मग झोप लागली. मं. बाहेर जाऊन रडली. मी आतच रडलो, आवाज न करता, त्यांची झोप मोडायला नको.

दुपारी केतनचा फोन. "सर, झालं का काम? उद्या गाडी पाठवू ना?"

मी म्हणालो, "केळी झाली. डोळा राहिलाय."

"बरं, बरं. डोळ्याला किती दिवस लागतील?"

समोर नाना झोपलेले. छाती वर-खाली होत होती. कापूस आणि स्पिरिट टेबलावर तसंच.

"सांगता येत नाही, केतनभाई," म्हटलं. "गाडी आत्ता नका पाठवू."